सुतळीची पाचवी गाठ

रुपराव ठवकरांना नागपूरच्या सक्करदऱ्यात लग्नाचं बोलावणं असायचं, पण कॅमेरा घरी ठेवून या, असा निरोपही सोबत असायचा. रुपराव मयतीचे फोटो काढत. घरातलं माणूस गेलं की एक जण तिरडीचं सामान आणायला पळायचा आणि दुसरा रुपरावांकडे. डोळे मिटलेल्या माणसाचा शेवटचा फोटो, मग तेरवीच्या दिवशी घरच्यांचा फोटो, हा त्यांचा धंदा. अशा माणसाने नवरानवरीवर कॅमेरा रोखलेला कुणाला चालेल? रुपरावांना त्याचं वाईट वाटत नसे. ते म्हणायचे, लग्नातली माणसं फार हलतात.

माझी त्यांची ओळख अंधाऱ्या खोलीतली. सदरला दत्तोपंतांची फोटो धुण्याची लॅब होती, तिथे मी निगेटिव्ह धुवायचे आणि प्रिंट काढायचे. औषधाच्या पाण्यात कोरा कागद टाकला की लाल दिव्याखाली चेहरा हळूहळू वर येतो. बाकीच्यांच्या रोलमधून हसरे चेहरे वर यायचे, रुपरावांच्या रोलमधून मिटलेल्या डोळ्यांचे. आठवड्याला चार-पाच मयती माझ्या हाताखालून जायच्या. भीती वाटायची का, असं लोक विचारत. मी दीक्षेच्या वर्षी, छप्पन साली जन्मले. माझे बाबा मिलमध्ये कामाला होते. दीक्षा घेऊन घरी आल्यावर त्यांनी देव्हारा उचलला आणि त्याच फेरीत भूतखेत, उतारा, अंगात येणं हे सगळं उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं. आमच्या घरात भूत हा शब्द फक्त चेष्टेत यायचा. त्यात माझी जीभ तिखट, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्यापुढे बोलायला लोक कचरत. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

रुपरावांची काम करायची एक रीत होती. त्यांचा जुना कॅमेरा दोन भिंगांचा, वरून वाकून पाहायचा. समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते मोजून आकडा लावावा लागे. त्यासाठी त्यांनी कॅमेऱ्याला सुतळी बांधली होती, दर फुटावर एक गाठ. सुतळीचं मोकळं टोक मयताच्या कपाळाला टेकवायचं, रुपराव गाठी मोजत मागे सरकायचे आणि पाचव्या गाठीवर थांबायचे. टोक घरच्याच माणसाने धरायचं, हा नियम. मग ते वाकून हलक्या आवाजात म्हणायचे, "बापूजी, हलू नका." बाई असली तर तिचं नाव घेऊन, पण म्हणायचे नक्की. रडणारी माणसं क्षणभर रडणं विसरायची.

हे सुतळीचं नाटक कशाला, स्वतः मोजता येत नाही का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "टोक धराले लावलं का घरच्याचा हात कपाळाले लागते, पोरी. मंग माणूस गेला, हे त्याले कोणी सांगावं लागत नाही."

एक्याऐंशी साली त्यांचा भाचा कुवेतहून आला आणि मामासाठी जपानी कॅमेरा घेऊन आला. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्या एवढाच. काळा, हलका, पोटात दिवा लपवलेला. बटण दाबलं की दिवा आपोआप वर यायचा, रोल आपोआप पुढे सरकायचा आणि किर्रर्र असा आवाज व्हायचा. पण खरी करामत वेगळी होती. या कॅमेऱ्याला अंतर सांगावं लागत नव्हतं. तोच मोजायचा. कपाळावर त्याला दोन लहान काचेच्या खिडक्या होत्या. एका खिडकीतून तो न दिसणारा किरण सोडायचा, तो समोरच्या वस्तूवर आपटून दुसऱ्या खिडकीत परत यायचा. जोरात परत आला तर वस्तू जवळ. कमी आला तर लांब. आलाच नाही तर समोर काही नाही, आणि समोर काही नाही म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबाने डोंगर. बघायच्या खिडकीत कडेला तीन चित्रं होती, एक माणूस, चार माणसं आणि डोंगर. बटण अर्धं दाबलं की एक बारीक काटा सरकून त्यातल्या एका चित्रावर थांबायचा. एक माणूस म्हणजे पाच फूट. मी पुस्तिका वाचून रुपरावांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, म्हणजे याच्यात सुतळी आतून हाय.

पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. त्यांच्या ओळखीच्या घरांत तेरवीच्या फोटोची एक पद्धत होती. घरचे दोन बाजूंना बसत आणि मधोमध रिकामा पाट मांडत. पाटापुढे भरलेला तांब्या. गेलेल्याची ती जागा. पाटामागचं परसदार आणि पुढचं दार दोन्ही सताड उघडी ठेवायची, येणाऱ्याला अडथळा नको म्हणून. आता हा कॅमेरा मधोमध बघतो. मधोमध तर कुणीच नाही! त्याचा किरण रिकाम्या पाटावरून थेट परसात निघून जायचा. मी प्रिंट काढले तर सगळं घर धूसर, आणि मागच्या परसातला दोरीवरचा लुगड्याचा काठ मात्र लख्ख. गिऱ्हाइकं रुपरावांवर भडकली. मी त्यांना युक्ती दाखवली. आधी कॅमेरा बाजूच्या माणसाकडे करायचा, बटण अर्धं दाबून तसंच धरायचं, मग मध्यावर आणून पूर्ण दाबायचं. ते शिकले. फोटो सुधारले.

पण रिकाम्या पाटाकडे एकदा कॅमेरा करून बघायची सवय त्यांना लागली ती लागलीच. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते लॅबमध्ये आले, स्टुलावर बसले आणि मला म्हणाले की धोंडबाच्या तेरवीला पाटावर काटा माणसावर थांबला होता. तीनदा दाबून पाहिलं, तीनदा माणूस. मी म्हटलं, उदाचा धूर असेल, किरण धुरावर आपटला. ऊद लावला नव्हता, म्हणाले. मग खिडकीला बोट लागलं असेल, म्हटलं. मी तो प्रिंट काढला. परसातली पपई धूसर होती आणि पाटावर, जिथे काहीच नव्हतं, तिथे नेमका फोकस होता.

ही बात सक्करदऱ्यात पसरायला कितीसा वेळ लागणार? वर्षभरात लोक फोटोसाठी नाही, तर विचारण्यासाठी त्यांना बोलवायला लागले. रुपराव कॅमेरा डोळ्याला लावायचे, खोली चिडीचूप व्हायची. ते कधी म्हणायचे, "आले." मग बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि तांब्याला हात जोडायच्या. कधी म्हणायचे, "नाही आले, सुखानं गेले." मग घर मोकळा श्वास घ्यायचं. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. तुम्ही मयतीचे फोटोग्राफर की मांत्रिक, असं तोंडावर म्हणाले. माझ्या बाबांनी जे उंबऱ्याबाहेर टाकलं, ते तुम्ही जपानी डब्यात भरून घरोघरी नेता, असंही म्हणाले. ते ऐकून घ्यायचे. त्यांच्या प्रिंटमध्ये माणसांची डोकी कापलेली दिसू लागली होती. मला वाटलं, लक्ष नाही.

त्र्याऐंशीच्या भाद्रपदात, पितृपक्षात, ते एका दुपारी आले आणि नेहमीच्या स्टुलाऐवजी शेजारच्या बादलीवर बसायला गेले. मी हात धरला तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. वर्ष झालं, त्यांना तो काटा दिसतच नव्हता.

म्हणजे लोकांना काय सांगत होतात, मी विचारलं. माणसांच्या आवाजावरून सांगत होतो, म्हणाले. ज्या घरात कुणी यावं असं वाटायचं तिथे आले म्हणायचं, जिथे धास्ती असायची तिथे गेले म्हणायचं. धोंडबाचा काटा तेवढा खरा पाहिलेला, पुढचं सगळं मनाचं. मला राग यायला हवा होता. उलट हायसं वाटलं. भुताची गोष्ट होती, ती माणसाची निघाली.

पण ते कबुली द्यायला आले नव्हते. त्यांना बेसा गावातल्या रंभाबाईंकडून बोलावणं होतं. रंभाबाईंचा एकुलता मुलगा नत्थू एकाहत्तर साली, सतरा वर्षांचा असताना, सायकलवर सिनेमाला म्हणून नागपूरला निघाला तो परतला नाही. सायकल सक्करदऱ्याच्या तलावाकाठी झाडाला टेकवलेली सापडली. तलावात माणसं उतरली, काही हाती लागलं नाही. आता बारा वर्षं भरली होती. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या काड्यांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला रीतसर अग्नी देतात. नत्थूचे काका महादेवराव ते करा म्हणून मागे लागले होते. रंभाबाई अडून बसल्या होत्या. जित्या पोराला कशी जाळू, हा त्यांचा प्रश्न. शेवटी त्यांनीच तोडगा काढला होता. अमावस्येला मी नत्थूचा पाट मांडते, रुपरावांना बघू दे. पाटावर नत्थू असला तर मी पुतळ्याला हो म्हणीन. नसला तर तो जिता आहे, पुन्हा कुणी नाव काढायचं नाही.

"हे मले अंदाजानं नाही सांगता येत, प्रेमिला," रुपराव म्हणाले. "तिचं पोरगं हाय. तू चाल माह्यासंगं. डोळा तुहा, कॅमेरा माहा."

मी गेले. का गेले ते स्पष्ट सांगते. रिकाम्या पाटावर काटा डोंगरावर जाणार, हे मला पाठ होतं. खोटं न बोलता एका आईला तुझा मुलगा गेलेला नाही, असं सांगायला मिळणार होतं आणि रुपरावांचं खूळही तिथेच संपणार होतं. एका दगडात दोन पक्षी, म्हणून मी खूश होते.

बेसा तेव्हा साधं खेडं. रंभाबाईंचं घर दोन खोल्यांचं, नुकताच चुना दिलेलं. पुढच्या खोलीत नत्थूची सायकल उभी होती. साखळीला ताजं तेल होतं. बारा वर्षं ती बाई दर शनिवारी तेल घालत होती. रंभाबाई लहानशा चणीच्या, बोलायला मऊ. माझं आडनाव ऐकून पाण्याचा वेगळा पेला काढणारी घरं मी पाहिली होती. यांनी स्वतःच्या पेल्यातून पाणी दिलं. आतल्या खोलीत मधोमध पाट मांडला होता, पुढे तांब्या. दोन्ही दारं उघडी. पाटामागे परस आणि परसापलीकडे नुसतं तुरीचं शेत, क्षितिजापर्यंत. भर दुपारची वेळ. ऊद नाही, धूर नाही, सगळं मी आधी तपासून घेतलं. खिडक्यांच्या काचा पदराने पुसल्या. महादेवराव एका बाजूला भिंतीशी बसले, रंभाबाई दुसऱ्या. रुपराव माझ्यामागे उभे.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत पाट, वर रिकामी हवा, मागे शेत. बटण अर्धं दाबलं.

काटा माणसावर थांबला.

मी बोट उचललं, पुन्हा दाबलं. माणूस. कॅमेरा थोडा डावीकडे नेला, पाटाच्या बाहेर. डोंगर. पुन्हा मधे आणला. माणूस. वर नेला, पाटावर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्याही वर. डोंगर. खाली आणला. माणूस. त्या रिकाम्या हवेला कड होती आणि ती कड मी कॅमेऱ्याने चाचपडत होते. कॅमेरा डोळ्यावरून काढला तर पाटावर काहीच नव्हतं. तांब्यातलं पाणी तेवढं हलत होतं, आणि ते माझ्याच पायाच्या धक्क्याने हललं असेल.

"कोण हाय, बाई?" रंभाबाईंनी विचारलं.

मी नजर चुकवायला मागे पाहिलं, तर उघड्या दारातून ती सायकल दिसत होती. मी म्हणाले, "डोंगर हाय, मावशी. पाटावर कोणी नाही."

महादेवराव उठून पुढच्या दाराने बाहेर गेले. रंभाबाई चहा ठेवायला उठल्या. मी चहाला थांबले नाही. महादेवरावांना टाळायला रुपरावांचा हात धरून परसदाराने घाईने निघाले. दारात रंभाबाईंनी मला थांबवलं. माझ्या पातळाच्या खांद्याला भिंतीचा चुना लागला होता, तो त्यांनी आपल्या हाताने झटकला.

त्या दिवसापासून कॅमेरा बिघडला. बिघडला असंच मी म्हणत होते. रुपरावांना दिसेना म्हणून तेरवीचे फोटो आता मीच त्यांच्यासोबत जाऊन काढायचे, कुठल्याही घरी, आणि निगेटिव्ह धुतली की प्रत्येकात पाच फुटांवरची हवा स्पष्ट आणि तिच्यापलीकडचं सगळं धूसर. घर कुठलंही असो, गेलेलं माणूस म्हातारं असो की तान्हं, मध्ये तेवढंच अंतर. एका शाळेच्या समारंभाचे फोटो काढायला त्यांना कुणीतरी चुकून बोलावलं, तिथेही बटण मीच दाबलं. मैदानात दोनशे मुलं आणि सगळी पुसट. मी त्यांच्याकडून कॅमेरा मागून घेतला आणि लॅबच्या गच्चीवर गेले. आभाळाकडे धरला. थंडीचे दिवस, निळंभोर आभाळ, एक घारसुद्धा नाही. बटण दाबलं. काटा माणसावर. चारी दिशांना फिरले. माझ्यासमोर पाच फुटांवर, जिकडे वळीन तिकडे, माणूस.

मी तो घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे नेला. त्यांनी उघडला, फुंकर मारली, स्प्रिंग अडकली असेल म्हणाले. रस्त्यापलीकडच्या झाडावर धरून दाखवला तर काटा गुमान डोंगरावर. मी कॅमेरा हातात घेतला आणि त्याच झाडावर धरला. माणूस. गृहस्थ म्हणाले, तुमचा हात हलतो, बाई. मी म्हटलं, हो, तसंच असेल. लॅबपर्यंत चालत आले आणि रस्ताभर वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी चार वेळा बघितलं. त्या दिवसांत मी अंधाऱ्या खोलीत कामाला जायची टाळाटाळ करू लागले. औषधातल्या कागदावर कुणाचा चेहरा वर येईल, याची मला भीती वाटायची. आला कधीच नाही. सतरा वर्षांचं पोरगं कसं दिसत असेल, हेही मला माहीत नव्हतं.

चार महिने मी गप्प राहिले. मग एके दिवशी रुपरावांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांची बायको गोपिकाबाई ज्वारी निवडत होत्या, त्यांचे हात सुपातच थांबले.

"मी वर्षभर लोकाईले खोटं सांगितलं," रुपराव म्हणाले, "पण माह्या मागं कोणी नाही लागलं. मले दिसतच नव्हतं. तुले तो दिसला, अन् तू त्याच्या मायले नाही म्हणून सांगितलं. मंग तो जाईन कुठं?"

माझ्याकडे याला उत्तर होतं. असं काही नसतं, हे उत्तर. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेसाला गेलो. रुपरावांनी खांद्याला जुना कॅमेरा अडकवला होता. रंभाबाई सायकल पुसत होत्या. मी उंबऱ्यावरच बसले आणि सांगून टाकलं. मावशी, मी खोटं बोलले. त्या दिवशी काटा माणसावर होता. मी किती वेळा दाबून पाहिलं तेही सांगितलं. रडणार नाही असं ठरवून गेले होते, पण रडले. त्या काय करतील याची मला धास्ती होती. शिव्या देतील, छाती बडवून घेतील, कदाचित विश्वासच ठेवणार नाहीत.

रंभाबाईंनी फडकं चाकावर ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मले त्याच दिवशी मालूम झालं, पोरी," त्या म्हणाल्या. "खोलीत मधातून रस्ता मोकळा होता. तू त्या पाटावरून नाही गेली. भित्तीले घासत, अंग चोरून गेली. बसल्या माणसाले कोणी लाथ लावते का?"

मला ते आठवतही नव्हतं. खांद्यावरचा चुना तेवढा आठवला.

मग बोलल्या का नाहीत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी बोलले असते तर ते मी ठरवल्यासारखं झालं असतं. आई होऊन हे आपल्या तोंडाने कसं म्हणू? कुणीतरी येऊन सांगेल म्हणून वाट पाहत होते. मग उगाच माझ्या पाठीवरून हात फिरवला. सांत्वन मी त्यांचं करायचं, ते त्या माझं करत होत्या. मला स्वतःची लाज वाटली. मी दया म्हणून खोटं बोलले होते आणि त्या दयेपायी ती बाई चार महिने एकटीच सगळं मनात धरून राहिली होती.

येत्या अमावस्येला पुतळा केला. महादेवरावांनी पळसाच्या काड्या बांधल्या, वर नारळ ठेवला, अंगावर नत्थूचा जुना सदरा घातला. बाह्या रिकाम्या लोंबत होत्या. चेहरा नसलेली ती आकृती शेताच्या कडेला सरणावर निजवली तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले. रुपरावांनी जपानी कॅमेरा माझ्या हाती दिला आणि जुना स्वतः घेतला. त्यांना त्यातूनही दिसत नव्हतं, पण गाठी मोजायला डोळे लागत नाहीत. त्यांनी सुतळीचं टोक पुढे केलं.

"घरच्यानं धरा लागते," ते म्हणाले.

रंभाबाई पुढे झाल्या. त्यांनी टोक घेतलं आणि नारळाला टेकवलं, कपाळ असतं तिथे. बोटं नारळावर तशीच राहिली. रुपराव एकेक गाठ चाचपत मागे सरकले. एक, दोन, तीन, चार, पाच. सुतळी ताणली गेली. रंभाबाई तेव्हा रडल्या, बारा वर्षांत पहिल्यांदा, असं महादेवराव नंतर म्हणाले.

"नत्थू, बेटा, हलू नको," रुपराव म्हणाले, आणि फोटो काढला.

अग्नी दिल्यावर सगळे घरी वळले. मी मागे राहिले. कॅमेरा शेताकडे धरला. दाबावं की नाही, ठरत नव्हतं. शेवटी दाबलं. काटा सरकत सरकत डोंगरावर गेला आणि तिथेच थांबला. स्प्रिंग सुटली असेल. मी आजही कुणी विचारलं तर तेच सांगते.

घरी आल्यावर रंभाबाईंनी सायकल महादेवरावांच्या स्वाधीन केली. शाळेत जाणाऱ्या कुणाला तरी द्या म्हणाल्या, चालती आहे.

रुपरावांनी पुढे मोतीबिंदू काढला, पण पाटाकडे कॅमेरा करून कधी पाहिलं नाही. सत्त्याऐंशीच्या पोळ्याच्या दिवशी ते झोपेतच गेले. त्यांच्या मयतीचा फोटो काढायला दुसरा फोटोग्राफर कुठून आणणार? मीच गेले, जुना कॅमेरा घेऊन. सुतळीचं टोक गोपिकाबाईंनी धरलं. मी पाचव्या गाठीपर्यंत मागे आले, वाकले आणि म्हणाले, काकाजी, हलू नका. गोपिकाबाईंना हसू फुटलं आणि मग आवरेना.

तेरवीला मधोमध पाट होता, पुढे तांब्या, दोन्ही दारं उघडी. भाच्याने जपानी कॅमेरा आणून माझ्या हातात दिला आणि सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. मी तो डोळ्याला न लावताच बटण दाबलं. किर्रर्र झालं. कुणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

निघताना खोलीतून मधून मोकळा रस्ता होता. मी भिंतीला घासून, अंग चोरून गेले. मुद्दाम गेले. पातळाला लागलेला चुना घरी येईपर्यंत झटकला नाही.